हातानं केलेली क्लासिकल गिटार: पॉलिशवर पांढरं येतंय, तारा उंच राहिल्यात, चौथी तार झणझणते

पॅटर्नवाला (कोल्हापूर), 14 जुलै

नमस्कार मंडळी. मी फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (वाळूत साचा पाडायचे नमुने) करतो, 26 वर्षं झाली या कामाला. शिरोलीच्या बाजूला शेड आहे. वाद्याचं काम पहिल्यांदाच करतोय आणि शेवटच्या टप्प्यावर अडकलोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

लेक सहा वर्षं क्लासिकल गिटार शिकते. 28 सप्टेंबरला ती पुढच्या शिक्षणाला जर्मनीला चाललीय. तिच्याकडची गिटार प्लायवूडची, फॅक्टरीतली. गेल्या दिवाळीत तिला म्हटलं, जायच्या आधी तुला मी एक करून देतो. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी शेड बंद केल्यावर दोन तास हेच काम चाललंय.

पाठ आणि कडा शिसवीच्या आहेत. आमच्या आजीच्या पलंगाची डोक्याकडची फळी माळ्यावर पडून होती, ती वखारीत चिरून 4 मिलिमीटरच्या पट्ट्या काढल्या आणि रंध्यानं 2.4 वर आणल्या. 60-70 वर्षं वाळलेलं लाकूड. वरून काळं ठिक्कर दिसायचं, चिरल्यावर आत जांभळा रंग निघाला आणि शेडभर गोडसर वास सुटला. एका जागी खिळ्याचं भोक होतं, ते शिसवीच्याच काडीनं बुजवलंय. वरची फळी युरोपियन स्प्रूसची, बाहेरून मागवली, 2.3 मिलिमीटर ठेवलीय. आत सात पट्ट्यांचा पंखा, टोरेस या स्पॅनिश गिटार कारागिराच्या पद्धतीचा. दांडी तूनची, बोटपट्टी एबनीची. नटापासून (वर खुंट्यांपाशी तारा टेकतात ती खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (खाली ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) 650 मिलिमीटर, नटापाशी रुंदी 52. मापाचं काम हातात बसलेलं आहे, बीडाच्या कास्टिंगला 1 टक्का आकसण धरून काम करणारा माणूस मी, त्यामुळं फ्रेट (बोटपट्टीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) मारेपर्यंत कुठं अडलं नाही.

आता अडचण. पॅटर्नला आम्ही चपडीच मारतो, वाळूतली ओल लाकडात शिरू नये म्हणून. त्यामुळं गिटारलाही लाखेचंच पॉलिश द्यायचं हे पहिल्यापासून ठरलेलं. 100 मिली स्पिरीटला 20 ग्रॅम चपडी, कापडातून गाळून. बोळा आत जुन्या बनियनचा, वर धुवट मलमल. मे महिन्यात सुरुवात केली, पाठीला अकरा हात झाले, आरशासारखी आली. 20 जूननंतर समोरची फळी घेतली आणि पॉलिशवर पांढरं यायला लागलं. काचेवर तोंडाची वाफ सोडल्यावर उठतो तसा ढग, फरक इतकाच की हा जात नाही. पंचगंगेला पाणी चढलंय, शेडमधला हवेतल्या ओलीचा मीटर 86 टक्के दाखवतो.

दुसरं. पॉलिश पुरं व्हायच्या आधी तारा चढवू नयेत असं ऐकलं होतं, पण आवाज कसा निघतो ते ऐकल्याशिवाय राहवेना. नॉर्मल टेन्शनच्या नायलॉन तारा लावल्या. बाराव्या फ्रेटवर सहावी तार 4.9 मिलिमीटर उंच, पहिली 3.8. लेक म्हणते बोटं दुखतात. सॅडल हाडाचं आहे, ब्रिजच्या वर 4 मिलिमीटर दिसतं. ते कानशीनं उतरवू का? शिवाय तिसरी तार बाराव्या फ्रेटवर दाबली की सूर चढा लागतो. आणि चौथी तार मोकळी छेडली की तंबोऱ्यासारखी झणझणते. दाबून वाजवली की स्वच्छ.

आवाज मात्र आहे. पहिल्यांदा सहावी तार छेडली तेव्हा पोटाला टेकवलेली पाठ थरथरली आणि आजीचा पलंगच बोलल्यासारखं वाटलं. म्हणूनच आता घाईनं काही बिघडवायचं नाही.

जवारीवाला (मिरज), 14 जुलै, रात्री

दादा, तुम्ही रोग सांगितलात आणि औषधही त्यातच सांगून बसलात. "तंबोऱ्यासारखी झणझणते" म्हणालात ना? ती जवारीच आहे. आम्ही तंबोरेवाले ज्याच्यासाठी दिवसभर मान मोडून बसतो ते तुमच्याकडं नको तिथं लागलंय.

आमच्याकडं घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा सपाट नसतो आणि टोकदारही नसतो. त्याला हलका उतार देतो, इतका हलका की डोळ्याला दिसत नाही, नखाला कळतो. तार थरथरताना त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते, त्यातनं तो झणकार येतो. तंबोऱ्यात वर दोराही सरकवतो, झणकार नेमका जिथं फुलतो ती जागा सापडेपर्यंत. गिटारला याच्या बरोबर उलटं हवं. तार एका कडेवरनं सुटली पाहिजे, लोळत लोळत नव्हे.

मोकळी तार झणझणते आणि दाबल्यावर थांबते म्हणजे दोष नटात आहे. दाबली की नट खेळातनं बाहेर जातो, म्हणून आवाज स्वच्छ. चौथ्या तारेची खाच भिंगाखाली बघा. माझा अंदाज, खाचेचा तळ सपाट झालाय किंवा उतार उलटा पडलाय. तळाचा सगळ्यात उंच बिंदू बोटपट्टीच्या बाजूला, अगदी कडेवर पाहिजे, आणि तिथनं खुंट्यांकडं उतार. बारीक कानशीचे तीन-चार हात मागच्या बाजूला, बास. खाच खोल गेली तर घाबरू नका. हाडाचा भुगा त्यात दाबून भरा, वर सुपरग्लूचा एक थेंब, वाळला की नवी खाच पाडा.

तून वापरलंत हे वाचून बरं वाटलं. आमच्या तंबोऱ्यांच्या दांड्या तूनच्याच असतात. स्पेनमधले लोक दांडीला जे सेडार वापरतात, ते तूनच्याच कुळातलं झाड. तुम्ही नकळत योग्य लाकूड उचललंत.

कोल्हापूर-मिरज तासा-दीड तासाचा रस्ता आहे. सतारमेकर गल्लीत या, गिटार घेऊन या. घोडीसाठी उंटाचं हाड आम्ही ठेवतोच, नवीन सॅडलला एक तुकडा देतो. पॉलिशचं मात्र मी सांगत नाही. पावसाळ्यात आम्ही स्वतःच मोठं पॉलिश टाळतो, भोपळा आणि दांडी घासून ठेवतो आणि उघडीप बघतो.

सुतारपक्षी (पुणे), 15 जुलै

पॅटर्नवाले काका, मी आजवर सहा क्लासिकल गिटार केल्या आहेत आणि तिसरीवर अगदी हेच भोगलंय, म्हणून कळकळीनं सांगते: सॅडलला आत्ता कानस लावू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आधी ऐका.

आधी मीटरची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, पाण्याचे काही थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा. ते झाकण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरची हवा 75 टक्क्यांवर थांबते. तुमचा मीटर जितकं जास्त-कमी दाखवेल तितकी त्याची चूक. स्वस्त मीटर पाच-सात टक्के सहज चुकतात आणि इथं पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आता तारांची उंची. वरची फळी 2.3 मिलिमीटरची, ओल पिऊन आडव्या अंगानं फुगतो तो स्प्रूस, आणि कडांना चिकटवलेली. फुगायला बाजूला जागा नाही, मग ती वर फुगते. ब्रिज तिच्यासोबत वर जातो, तारा उंच होतात. त्यात तारांचा एकूण ताण 40 किलोच्या आसपास. म्हणजे तुम्ही आज जे 4.9 मोजताय त्यात गिटारची उंची किती आणि जुलैची किती, हे तुम्हाला ठाऊक नाही.

हिशोब करून दाखवते. तुम्हाला सहावी तार 4 मिलिमीटरवर हवी (पहिली 3 वर, क्लासिकलला हे चांगलं माप आहे). आज 0.9 उतरवायची. बाराव्या फ्रेटवर जितकं उतरवायचं त्याच्या दुप्पट सॅडल उतरतं, कारण फ्रेट बरोबर मध्यावर आहे. म्हणजे 1.8 मिलिमीटर हाड गेलं, वर उरलं 2.2. इतक्या कमी हाडावर तार नीट वळत नाही, फळीवर दाब पडत नाही, आवाज बसका होतो. आणि खरा घात पुढे आहे. हवा कोरडी झाली की फळी खाली बसणार, तारा आणखी उतरणार, आणि डिसेंबरात प्रत्येक फ्रेटवर खरखर. माझ्या तिसऱ्या गिटारचं सॅडल मी ऑगस्टमध्ये घासलं होतं. मार्चमध्ये ते फेकून नवं करावं लागलं.

काय करायचं? घरात एसी असलेली एखादी खोली असेल तर ती पंधरा दिवस मागून घ्या. ड्राय मोड, दारं बंद, मीटर 50 च्या आसपास येऊ द्या. गिटार तारांसकट, सुरात लावून तिथंच ठेवा. पॉलिशच्या आधी तारा चढवल्यात याचं वाईट वाटून घेऊ नका, कितीतरी कारागीर मुद्दाम तसं करतात. नवीन फळीला ताणाची सवय होऊ द्यावी लागते आणि नायलॉन तारांनाही ताणून स्थिर व्हायला काही दिवस लागतातच. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा, आणि त्या मापावर कानस चालवा.

तिसऱ्या तारेचं: नायलॉनची ती सगळ्यात जाड साधी तार, गुंडाळलेली नाही, त्यामुळं ती चढी लागण्याचं दुखणं सगळ्या क्लासिकल गिटारांना थोडंफार असतं. क्रम मात्र पाळा. आधी नटाच्या खाचा बघा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते पाहा. कागद जेमतेम सरकेल इतकीच हवी. फट जास्त असेल तर दाबताना तार ताणली जाते आणि सूर चढतो. मग तारांची उंची. हे दोन्ही झाल्यावरही चढी लागली तरच सॅडलचा माथा तिसऱ्या तारेपुरता मागच्या बाजूला न्या, म्हणजे तेवढी तार लांब होईल.

पॉलिशचं पांढरं हे ओलीचंच आहे. स्पिरीट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल तिथं बसते आणि चपडीत अडकते. दुकानातल्या स्पिरीटमध्येही पाणी असतंच, त्याची भर. त्याच कोरड्या खोलीत, नव्या बोळ्यावर नुसतं ताजं स्पिरीट घ्या. बोळा इतका पिळलेला हवा की हाताच्या पाठीवर टेकवला तर गार लागेल पण ओल दिसणार नाही. लाकडाच्या रेषांच्या दिशेनं हलकेच फिरवा आणि चालू असताना कुठंही थांबू नका, थांबलात की तिथलं खालचं पॉलिश उचलून येतं. ढग वरच्या थरातला असेल तर दोन-तीन दिवसांत, रोज थोडा थोडा, निघून जाईल. पुढच्या हातांसाठी इलेक्ट्रॉनिक्सवाले वापरतात ते 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल घेऊन बघा. चपडी विरघळायला वेळ लागतो, पण ते सावकाश उडतं, त्यामुळं पांढरं येणं कमी होतं.

आणि मे महिन्यात विरघळवलेली चपडी अजून वापरत असाल तर एक थेंब काचेवर टाकून रात्रभर ठेवा. सकाळी नख रुतलं तर ती बाटली तुमच्या पॅटर्नलाही लावू नका. शिळी चपडी पक्की वाळत नाही.

हाइडेलबर्गकर, 15 जुलै

काका, इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, बाजूनं दोन गोष्टी. हिवाळ्यात घरं तापवलेली असतात आणि खोलीतली ओल 30 टक्क्यांपर्यंत खाली जाते. कोल्हापुरात वाढलेल्या गिटारला हा धक्का मोठा आहे, फळीला चीर जाऊ शकते. केसमध्ये साबणाची डबी ठेवायला सांगा, झाकणाला भोकं पाडून आत ओला करून पिळलेला स्पंज. नोव्हेंबर ते मार्च रोज संध्याकाळी बघायचा. महागडं काही लागत नाही.

शिसवीच्या कागदपत्रांची चिंता असेल तर: 2017 मध्ये शिसवी देशाबाहेर नेण्याचे आंतरराष्ट्रीय नियम (CITES) कडक झाले होते, पण 2019 च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. उरलेल्या शिसवीच्या पट्ट्या मात्र तिच्या सामानात देऊ नका, सुटं लाकूड त्या सुटीत बसत नाही.

पॅटर्नवाला (कोल्हापूर), 6 ऑगस्ट

मंडळी, तुम्ही लिहिलंत तसंच केलं, त्यामुळं आधी हिशोब देतो.

मिठाच्या पिशवीत मीटरनं 81 दाखवलं. म्हणजे 6 जास्त. शेडमधले 86 खरे 80 होते. तरी जास्तच, पण आकडा खरा कळला याचं समाधान. एसी आमच्या झोपायच्या खोलीत आहे. बायकोनं गादी हॉलमध्ये आणली आणि खोली गिटारला दिली, एका शब्दानं कुरकुर नाही.

सतरा दिवस 50-52 वर ठेवली. काल मोजलं: सहावी तार 4.3, पहिली 3.3. दोन्हीकडं 0.3 उतरवायचं, म्हणजे सॅडलचं फक्त 0.6. सुतारपक्षी ताई, तुम्ही थांबवलं नसतं तर त्या रात्रीच मी 1.8 काढून मोकळा झालो असतो.

मिरजेला जाऊन आलो. जवारीवाल्यांनी नट हातात घेतला, भिंगाशिवाय, नुसतं नख फिरवलं आणि म्हणाले, बघा, मध्ये उंच आहे. मी तीच खाच भिंगाखाली दोनदा पाहिली होती आणि मला सपाट दिसली होती. बारीक कानस मागच्या अंगाला चार वेळा ओढली, भुगा फुंकला, तार बसवली. झणकार गेला. नंतर त्यांनी शेजारचा तंबोरा मांडीवर घेतला आणि तोच झणकार कसा आणतात ते दाखवलं. कानशीचा एक हात, तार लावायची, ऐकायचं, तार काढायची, पुन्हा एक हात. तीन तास तिथंच गेले. उंटाच्या हाडाच्या दोन पट्ट्या दिल्या, पैसे घेतले नाहीत.

ढग बराचसा गेलाय, ब्रिजच्या मागं रुपयाएवढा डाग उरलाय. शिळी चपडी फेकली. काचेवर नख रुतत होतं.

सुतारपक्षी (पुणे), 6 ऑगस्ट

ब्रिजच्या मागचा डाग तेलाचा असू शकतो, पॉलिश करताना बोळ्याला तेल लावत असाल तर. ते आतून वर येतं. आठवडाभर हात लावू नका, मग पुन्हा स्पिरीटचा कोरडा बोळा.

आणि काका, दोन पट्ट्या मिळाल्याच आहेत तर दोन सॅडल करा. एक आत्ताच्या मापाचं, दुसरं 0.8 मिलिमीटर उंच, जर्मनीतल्या हिवाळ्यासाठी. फळी खाली बसली की उंच पट्टी घालायची. पट्टी खाचेत चिकटवू नका, नुसती घट्ट बसली पाहिजे, तार सैल केल्यावर बोटांनी निघेल इतकी.

पॅटर्नवाला (कोल्हापूर), 19 डिसेंबर

धागा वर काढतोय कारण तुम्हाला कळवायचं राहिलं होतं.

गिटार 28 सप्टेंबरला गेली. विमानात चढवण्याआधी तारा दोन सूर उतरवल्या, हेडच्या आजूबाजूला टॉवेल भरले. काही झालं नाही. डाग तेलाचाच होता, गेला. तिसरी तार अजून किंचित चढी लागते, इतकी की मला ऐकू येत नाही आणि लेकीला येतं. ती म्हणते राहू दे, बोटानं सांभाळते.

परवा रात्री फोन आला, पाचव्या-सहाव्या तारेला सातव्या फ्रेटच्या पुढं खरखर येतेय. मीटरचा फोटो पाठवायला सांगितला. 40 दाखवत होता, म्हणजे 34. साबणाची डबी परीक्षेच्या गडबडीत आठवडाभर कोरडीच राहिली होती. आधी स्पंज ओला करायला लावला. मग व्हिडिओ कॉलवर तारा सैल करायला लावल्या, जुनी पट्टी तिनं नखानं उचलून काढली आणि उंच पट्टी बसवली. तारा पुन्हा सुरात यायला अर्धा तास लागला, मी इथं तेवढा वेळ फोन धरून बसलो होतो. खरखर गेली. तिनं बाराव्या फ्रेटवर मोजपट्टी धरून मोजलं, सहावी 4.1.

दोन्ही पट्ट्यांच्या बुडाला, जिथं दिसत नाही तिथं, मी पेन्सिलनं अक्षर घातलंय: एकीवर "पा", पावसाची, आणि दुसरीवर "थं". एप्रिलमध्ये मीटर 50 च्या वर राहायला लागला की "पा" परत घालायची, आणि मीटरमधले 6 वजा करायला विसरायचं नाही, एवढं केसच्या झाकणात कागदावर लिहून चिकटवलंय.